रिओच्या टेकड्यांवरचे चेहरे

रिओ द जानेरोच्या दक्षिण भागात लागोआ नावाचं खाऱ्या पाण्याचं मोठं तळं आहे. त्याच्या काठानं साडेसात किलोमीटरची वाट आहे. पहाटेपासून तिथं पळणाऱ्यांची आणि सायकलवाल्यांची वर्दळ असते, टपऱ्यांवर गार शहाळी मिळतात, आणि भोवतालच्या इमारतींमधली घरं ब्राझीलमधल्या सर्वांत महाग घरांत मोजली जातात. इपानेमाच्या समुद्रकिनाऱ्यावरून इथं चालत येता येतं. तळ्याच्या पूर्वेला झाडांनी गच्च भरलेला एक खडा उतार आहे. १९७९ पासून तिथं काताकुंबा नावाचं शिल्पोद्यान आहे. शिल्पांच्या मधून वर जाणारी पायवाट साकोपाँच्या माथ्यावर पोचते, आणि तिथून तळं, समुद्र, डोंगररांग सगळं एका नजरेत येतं. लोक त्यासाठीच येतात. मी मात्र आले होते साठ वर्षांपूर्वीच्या काही फोटोंचा माग काढत.

१९७० पर्यंत या उतारावर फावेला होती. फावेला म्हणजे डोंगरावर, दलदलीवर, मोकळ्या सापडेल त्या जागेवर लोकांनी स्वतःच्या हातांनी उभारलेली वस्ती. काताकुंबात फळ्यांची आणि पत्र्यांची घरं होती आणि सुमारे दहा हजार माणसं राहत होती. १९६१ साली ‘लाइफ’ या अमेरिकी साप्ताहिकानं गॉर्डन पार्क्स या छायाचित्रकाराला इथं पाठवलं. क्युबातल्या क्रांतीला जेमतेम दोन वर्षं झाली होती. लॅटिन अमेरिकेतली गरिबी साम्यवादाला वाट करून देईल, ही भीती वॉशिंग्टनला होती आणि ‘लाइफ’ची लेखमालाही तिच्यातूनच निघाली होती. संपादकांना हवा होता एक गरीब बाप आणि त्याचं कुटुंब. पार्क्सला भेटला बारा वर्षांचा फ्लाव्हियो. आईबाप कामाला जात, आणि पाणी आणणं, स्वयंपाक, धाकट्या भावंडांची न्हाणीधुणी हे सगळं हा मुलगा करत असे. दम्यानं आणि उपासमारीनं तो इतका खंगला होता की फार दिवस जगणार नाही, असं डॉक्टरांचं मत होतं. पार्क्स स्वतः कॅन्ससमधल्या गरीब कृष्णवर्णीय घरात वाढलेला आणि ‘लाइफ’च्या नोकरीत आलेला पहिला कृष्णवर्णीय छायाचित्रकार. त्यानं बापाला बाजूला ठेवलं आणि कॅमेरा या मुलाकडे वळवला.

जूनमध्ये फोटो छापून आले. अमेरिकेतल्या वाचकांनी हजारोंच्या संख्येनं पत्रं लिहिली, जवळपास ३०,००० डॉलर पाठवले. डेन्व्हरमधल्या दम्याच्या एका रुग्णालयानं फ्लाव्हियोवर मोफत उपचार करायची तयारी दाखवली. त्याला विमानानं तिकडे नेलं, कुटुंबाला शहराच्या दुसऱ्या भागात पक्कं घर घेऊन दिलं, आणि काही रक्कम काताकुंबातल्या सुधारणांसाठी ठेवली. गरिबांचे फोटो मांडून त्यांच्यासाठी पैसा उभा करायचा, ही आज जगभर चालणारी कल्पना इथं तिच्या पूर्ण बळानं दिसते. फ्लाव्हियो वाचला. हे आधी आणि स्पष्ट सांगायला हवं, कारण पुढची हकिगत ऐकताना ते विसरायला होतं.

ब्राझीलमध्ये या फोटोंनी मोठी खळबळ उडाली. ‘ओ क्रुझेइरो’ या तिथल्या लोकप्रिय साप्ताहिकानं आपला छायाचित्रकार हेन्री बालो याला न्यूयॉर्कला पाठवलं. मॅनहॅटनच्या पडक्या चाळवजा इमारतींमध्ये राहणाऱ्या एका पोर्तोरिकन कुटुंबाचे तितकेच भेदक फोटो त्यानं काढले, आणि त्याच वर्षी ते छापून आले. ही नुसती चिडीची फिटंफाट होती असं मला वाटत नाही. श्रीमंत देशानं गरीब देशाकडे कॅमेरा रोखायचा, ही दिशा कुणी ठरवली, असा तो प्रश्न होता.

डेन्व्हरमध्ये फ्लाव्हियो दोन वर्षं राहिला. तो बरा झाला, शाळेत गेला, इंग्रजी बोलू लागला. त्याला तिथंच राहायचं होतं. १९६३ साली ठरल्याप्रमाणे त्याला परत पाठवण्यात आलं. पुढं रिओतच त्याचा संसार झाला, पार्क्स त्याला पुन्हा भेटला, १९७८ मध्ये त्याच्यावर पुस्तकही निघालं. पण अमेरिकेला परत जायची त्याची इच्छा राहूनच गेली. आणि काताकुंबाचं काय झालं? १९७० मध्ये सरकारनं अख्खी वस्ती उठवली. बहुतेकांना शहराच्या उत्तरेकडे, कामाच्या जागांपासून लांब, गुआपोरे आणि कितुंगो या नव्या वसाहतींत नेऊन ठेवलं. अभ्यासक जॅनिस पर्लमन यांनी वस्ती उठण्याआधी इथं राहून अभ्यास केला होता. हे लोक शहराला पडलेला भार नाहीत, शहर त्यांच्या श्रमावर चालतं, हे त्यांनी १९७६ च्या आपल्या ग्रंथात दाखवून दिलं. एका मुलाचा फोटो हजारो घरांत पोचला, एका कुटुंबाला छप्पर मिळालं, पण बाकीची टेकडी रिकामी होताना तिला वाचवायला तो पैसा पुरेसा नव्हता. २०१८ मध्ये टोरांटोला आणि २०१९ मध्ये लॉस एंजेलिसला पार्क्सचे फोटो, बालोचे फोटो आणि वाचकांची पत्रं शेजारी शेजारी मांडणारं प्रदर्शन भरलं. रिओतल्या मोरेरा सालेस संस्थेचाही त्यात सहभाग होता. दोन्ही बाजू अशा एकत्र दिसायला अर्धं शतक जावं लागलं.

लागोआहून मी शहराच्या जुन्या भागात, बंदराकडे गेले. सेंत्राल दो ब्राझील हे इथलं मोठं रेल्वे स्थानक, त्याचा घड्याळाचा मनोरा लांबूनही दिसतो. स्थानकाच्या मागेच प्रोव्हिदेन्सिया टेकडी उभी आहे. ब्राझीलमधली ही पहिली फावेला मानली जाते. १८९७ मध्ये ईशान्येकडच्या कानुदोसचं युद्ध आटोपून आलेले सैनिक सरकारनं कबूल केलेल्या घरांची वाट पाहत या टेकडीवर राहिले. घरं मिळाली नाहीत, सैनिक राहिले. कानुदोसच्या रणभूमीवर फावेला नावाची टेकडी होती, तेच नाव त्यांनी इथं आणलं आणि पुढं ते देशभरच्या वस्त्यांना चिकटलं. पण टेकडीवर त्यांच्या आधीही माणसं चढलेली होती. १८९३ मध्ये महापौर बराता रिबेइरो यांनी पायथ्याजवळची ‘काबेसा दे पोर्को’ नावाची प्रचंड चाळ पाडली आणि तिथले बेघर झालेले लोक वर सरकले. गुलामगिरी १८८८ मध्ये कायद्यानं संपली, पण मुक्त झालेल्यांना जमीन मिळाली नाही आणि घरही नाही. टेकडीपासून थोड्या अंतरावर व्हालोंगोचा धक्का आहे. २०११ मध्ये खोदकामात तो उघडा पडला आणि २०१७ मध्ये जागतिक वारसा ठरला. आफ्रिकेतून पकडून आणलेली सुमारे नऊ लाख माणसं या एका धक्क्यावर उतरवली गेली, असा अंदाज आहे. धक्का आणि टेकडी एकाच दिवशी पाहावीत. एक पाहून दुसरी पाहिली नाही तर दोन्ही कळत नाहीत.

वर जायला मोटरसायकल टॅक्सी मिळते. मी वस्तीतल्याच एका वाटाड्या मुलीबरोबर पायऱ्यांनी गेले. चढ दमवणारा आहे. दोन्ही बाजूंना विटांची, बहुतेक गिलावा न केलेली घरं, डोक्यावर वायरींची जाळी, प्रत्येक गच्चीवर निळी पाण्याची टाकी. या गच्चीला इथं ‘लाजे’ म्हणतात आणि तिच्यावर सगळं आयुष्य चालतं: कपडे वाळत घालणं, वाढदिवस, पतंग, उन्हाळ्यात मुलांसाठी हवा भरलेला छोटा तलाव. स्लॅब टाकायच्या दिवशी शेजारीपाजारी सगळे कामाला येतात, आणि काम झालं की घरमालकीण काळ्या घेवड्याची आणि डुकराच्या मांसाची फेइजोआदा रांधून वाढते. मुलगा मोठा झाला की त्याच लाजेवर त्याचं घर उभं राहतं. वाटाड्या मुलगी मधूनच हात खाली करून खूण करायची, म्हणजे इथं कॅमेरा वर करायचा नाही. नाक्यावर कोण उभं आहे हे तिला माहीत होतं, मला विचारायची गरज नव्हती.

जून २००८ मध्ये या टेकडीवरच्या तीन तरुणांना तिथं तैनात असलेल्या सैनिकांनी पकडलं आणि दुसऱ्या टेकडीवरच्या, इथल्या टोळीशी वैर असलेल्या टोळीच्या ताब्यात दिलं. तिघांचेही मृतदेह सापडले. ही बातमी पाहून जेआर या नावानं काम करणारा फ्रेंच छायाचित्रकार इथं आला. वस्तीतल्या बायकांशी तो बोलला. त्यांत मारल्या गेलेल्या मुलांच्या जवळच्या बायकाही होत्या. त्यानं त्यांचे चेहरे, नुसते डोळे टिपले, प्रचंड आकारात कागदावर छापले, आणि वस्तीतल्या लोकांनी ते खळ लावून शहराकडे तोंड केलेल्या घरांवर आणि पायऱ्यांवर चिकटवले. खाली बंदराच्या रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येकाकडे टेकडी बघू लागली. वार्ताहर धावत आले, पण जेआर त्यांना भेटला नाही. फोटोंविषयी विचारायचं तर वर चढून त्या बायकांनाच विचारावं लागत होतं. मला या सगळ्यात हा निर्णय सर्वांत मोलाचा वाटतो. प्रदर्शनाच्या उद्घाटनाला जिथं एरवी छायाचित्रकार आणि देणगीदार उभे राहतात, तिथं त्यानं त्या बायकांना उभं केलं.

‘विमेन आर हीरोज’ या नावानं हे काम पुढं इतर देशांत गेलं. नैरोबीच्या किबेरा वस्तीत त्यानं फोटो कागदावर न छापता पाणी न झिरपणाऱ्या कापडावर छापले, म्हणजे घरावर पडलेला फोटो पावसात छप्पर म्हणूनही उपयोगी पडला. प्रोव्हिदेन्सियावरचा कागद पावसानं धुऊन गेला. राहिली ती माथ्याजवळची ‘काझा आमारेला’, म्हणजे पिवळं घर. जेआर आणि मौरिसियो ओरा यांनी मिळून ते सुरू केलं. ओरा याच टेकडीवर वाढलेला छायाचित्रकार, जेआर यायच्या कितीतरी आधीपासून इथले फोटो काढणारा. पिवळ्या घरात वस्तीतल्या मुलांसाठी चित्रकलेचे, वाचनाचे वर्ग चालतात आणि मुलांकडून पैसे घेत नाहीत. खिडकीतून खाली रेल्वेचे रूळ, बंदर आणि त्यापलीकडे ग्वानाबाराची खाडी दिसते. प्रदर्शन संपल्यावर ते जिथं भरलं त्याच जागी काहीतरी शिल्लक राहिलं पाहिजे, अशी कसोटी लावली तर फार थोडी प्रदर्शनं तिला उतरतील. हे उतरलं.

ओराचं स्वतःचं काम मला त्याहूनही जवळचं वाटलं. फुटबॉल विश्वचषक आणि ऑलिंपिकच्या तयारीत महापालिकेनं टेकडीवर रोपवे बांधायचं ठरवलं आणि सुमारे आठशे घरं काढायचं नियोजन केलं. घरांच्या भिंतींवर रंगाच्या फवाऱ्यानं महापालिकेच्या गृहनिर्माण खात्याची आद्याक्षरं आणि एक क्रमांक लिहिला जाई. कुणी दार उघडून बाहेर यावं आणि आपलं घर पाडायच्या यादीत आहे हे भिंतीवर वाचावं, असा तो प्रकार होता. ओरानं त्या घरांत राहणाऱ्यांचे फोटो काढले आणि ज्याचं घर त्याचा चेहरा त्याच भिंतीवर चिकटवला. अधिकाऱ्यानं लिहिलेल्या क्रमांकाशेजारी आता माणूस होता. रोपवे २०१४ मध्ये सुरू झाला, मुलांचं खेळाचं मैदान त्याच्या स्थानकाखाली गेलं, आणि ऑलिंपिक उरकल्यावर २०१६ च्या अखेरीस तो बंद पडला. सगळी घरं मात्र पाडली गेली नाहीत. लोकांनी विरोध केला, प्रकरण न्यायालयात गेलं आणि काम थांबलं. त्या लढ्यात फोटोंचा वाटा किती, हे मोजता येणार नाही. पण ते फोटो पैसे गोळा करायला काढलेले नव्हते. घर टिकवायला काढलेले होते.

फावेला दाखवण्याचा धंदाही रिओत जुना आहे. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून रोसिन्या या मोठ्या वस्तीत पर्यटकांच्या गाड्या चढतात. धारावीत पाहुण्यांना फिरवणारी पहिली संस्था काढायची कल्पना तिच्या संस्थापकाला रिओतल्या अशाच फेरीवरून सुचली होती, त्यामुळे मुंबईकरांना हे चित्र अनोळखी नाही. उघड्या जीपमधून कॅमेरे रोखून जाणारी माणसं मी पाहिली, आणि पायी, वस्तीतल्या वाटाड्याबरोबर, दुकानात थांबत, दोन शब्द बोलत जाणारीही. फरक लगेच कळतो. जीपमधून उतरूच नये असं ज्यांना वाटतं, त्यांनी वर येऊ नये.

शेवटी मी मारेला गेले. ही वस्ती डोंगरावर नाही, सपाटीवर आहे. विमानतळावरून शहरात येणाऱ्या प्रत्येक प्रवाशाची गाडी तिच्या कडेनं जाते, पण वस्ती दिसत नाही, कारण २०१० पासून त्या महामार्गाच्या कडेला उंच फलकांची भिंत आहे. आवाज अडवण्यासाठी ती बांधली असं सरकारचं म्हणणं. आम्हाला झाकण्यासाठी बांधली, असं आतले लोक म्हणतात. भिंतीमागे सोळा फावेला एकमेकींना लागून आहेत आणि वस्तीनं स्वतः केलेल्या, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या गणनेनुसार तिथं सुमारे १,४०,००० माणसं राहतात. १९८० च्या सुमारापर्यंत इथली कित्येक घरं खाडीच्या चिखलात रोवलेल्या खांबांवर होती, भरतीचं पाणी खालून यायचं. लोकांनी २००६ मध्ये सुरू केलेल्या मारे संग्रहालयात तसं एक निळं लाकडी घर उभं केलं आहे. आत चूल, पलंग, देवाची तसबीर. म्हातारी माणसं तिथं नातवंडांना घेऊन येतात आणि कुठं झोपायचो, पाणी कुठून आणायचो ते दाखवतात.

मारेत पोचायला आव्हेनिदा ब्राझील या रुंद रस्त्यावरच्या नऊ क्रमांकाच्या पादचारी पुलावर उतरायचं. रिओचे लोक या भागातले पत्ते पुलांच्या क्रमांकांनीच सांगतात. शनिवारी तेइशेइरा रिबेइरो रस्त्यावर मोठा बाजार भरतो: भाज्या, मासे, मोबाइलची कव्हरं, जुने बूट, तळणीचा वास आणि कर्कश गाणी. याच रस्त्यावर ५३५ क्रमांकाच्या इमारतीत ‘ऑब्झर्व्हातोरिओ दे फावेलास’ ही २००१ मध्ये स्थापन झालेली संस्था आहे. तिच्यात २००४ साली जुआँव रोबेर्तो रीपर या छायाचित्रकारानं ‘इमाजेन्स दो पोव्हो’ हा उपक्रम सुरू केला. रीपर त्याआधी वेठबिगारांचे, कोळशाच्या भट्ट्यांवर राबणाऱ्या माणसांचे फोटो काढण्यासाठी देशभर ओळखला जात होता. त्यानं इथं वस्तीतल्या तरुणांसाठी फोटोग्राफीची शाळा काढली आणि तिच्यातून तयार झालेल्यांच्या फोटोंचा संग्रह उभा केला. वृत्तपत्रांना, प्रकाशकांना मारेचा फोटो हवा असेल तर तो मारेतल्या छायाचित्रकाराकडून, त्याच्या नावासकट, पैसे मोजून घेता यावा, ही त्यामागची रीत.

रीपरची आणखी एक सवय आहे आणि ती मला अजून दुसऱ्या कुठल्याही मोठ्या छायाचित्रकाराकडे दिसलेली नाही. ज्याचे फोटो काढले त्याच्याजवळ बसून तो ते दाखवतो, आणि समोरचा म्हणाला की हा नको, तर तो फोटो बाद. पार्क्स अतिशय सहृदय माणूस होता, पण काताकुंबातल्या त्या अंथरुणावर पडलेल्या मुलाला असं विचारायची पद्धत १९६१ मध्ये नव्हती.

मारेतल्या छायाचित्रकारांनी टिपलेली वस्ती बातम्यांतल्या वस्तीपेक्षा वेगळी आहे. न्हाव्याकडे केस पांढरेपिवळे करून घेणारी मुलं, लग्नाला निघालेली नटलेली आजी, पावसाच्या पाण्यात पोहणारी पोरं, लाजेवर अभ्यास करणारी मुलगी. बिरा कार्वाल्हो याच शाळेत शिकला. तरुणपणी गोळी लागल्यानंतर तो चाकांच्या खुर्चीत होता, आणि तिच्यावरूनच गल्लोगल्ली फिरून त्यानं आपल्या शेजाऱ्यांचे फोटो काढले. २०२१ मध्ये तो गेला. त्याचे फोटो पाहताना कुठंही कीव येत नाही, ओळख होते.

पण वस्तीतला छायाचित्रकार फक्त आनंदच दाखवतो असं नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये उत्तर रिओतल्या आलेमाँव आणि पेन्या या वस्त्यांत पोलिसांनी केलेल्या कारवाईत शंभराहून अधिक माणसं मारली गेली. लोकांनी रात्रभर रानातून मृतदेह खाली आणून चौकात ओळीनं ठेवले. जगभर गेलेल्या त्या फोटोंपैकी अनेक ब्रूनो इतान याचे आहेत. तो आलेमाँवमध्ये वाढला, आणि तिथल्या मुलांना फोटोग्राफी शिकवण्याचं कामही त्यानं केलं आहे. चौकात जमलेल्या बायांमध्ये उभं राहून कॅमेरा उचलायची परवानगी त्याला होती, कारण त्या त्याला ओळखत होत्या.

२०२२ च्या जनगणनेनुसार ब्राझीलमध्ये १२,३४८ फावेला आहेत आणि त्यांत १ कोटी ६४ लाख लोक राहतात, म्हणजे देशाच्या लोकसंख्येच्या ८.१ टक्के. एकट्या रोसिन्यात ७२,०२१. या जनगणनेचे आकडे देताना सरकारी खात्यानं ‘निकृष्ट वस्तीसमूह’ अशा अर्थाचं जुनं नाव सोडून ‘फावेला’ हा लोकांचाच शब्द पुन्हा घेतला.

रिओला जाणाऱ्या मराठी माणसानं मारेत एक सकाळ जरूर काढावी. नऊ क्रमांकाच्या पुलाच्या पायथ्यापासून जवळच ‘गाल्पाँव बेला मारे’ हे जुन्या गोदामात २०११ मध्ये सुरू झालेलं कलादालन आहे, प्रवेशाला पैसे पडत नाहीत. ‘ऑब्झर्व्हातोरिओ’ला आधी लिहून विचारावं, म्हणजे वस्तीतलं कुणीतरी बरोबर येतं. पोलिसांची कारवाई चालू असेल त्या दिवशी शाळा आणि दवाखाने बंद असतात, तेव्हा त्यांनी येऊ नका म्हटलं तर जाऊ नये. फोटो विकत घ्यायचा असेल तर छायाचित्रकाराचं नाव, तो कुठल्या गल्लीतला, फोटोतल्या माणसानं तो पाहिला आहे का आणि पैशातला किती वाटा कुणाला जातो, हे बिनदिक्कत विचारावं. या प्रश्नांचा तिथं कुणाला राग येत नाही. खुर्ची ओढून बसतात आणि सगळं नीट सांगतात.